वाघ्या उठून बसला, मग गोळ्या कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. एकत्र कुटुंब, जुनं माळवदाचं घर, मागे गोठा. घरात वाघ्या नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा, वजन वीसेक किलो. दिवाळीनंतर त्यानं खाणं सोडलं, अंग तापलं, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडले. तालुक्याच्या डॉक्टरांनी किटवर रक्त तपासून ‘एर्लिकिया’ (गोचिडांतून होणारा ताप) असल्याचं सांगितलं आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवसांसाठी लिहून दिल्या. चौथ्या दिवशी वाघ्या उठून भाकरी मागू लागला. आठवड्यात गोळ्या बंद झाल्या. दीड महिन्यानं तो पुन्हा मलूल पडला आणि परवा सकाळी नाकातून रक्त आलं. किट पुन्हा पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणतात, रक्ताची नीट तपासणी करा आणि या वेळी कोर्स पुरा करा. दीर म्हणतात, “बैलाला गोचीड ताप आला तेव्हा एका सुईत उभा राहिला, कुत्र्याला महिनाभर कशाच्या गोळ्या?” सासरे खर्चावरून नाराज आहेत. एवढ्या ॲंटिबायोटिकनं किडन्या जातील, अशी ताईंना स्वतःला भीती वाटते. मागच्या वेळच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या डब्यात आहेत. त्या सुरू कराव्यात, बैलाची सुई द्यावी, की नशिबावर सोडावं, असं त्या विचारतात.

ताई,

बाकी सगळं नंतर. नाकातून रक्त आलंय, म्हणजे वाघ्याला आज किंवा फार तर उद्या डॉक्टरांसमोर उभं करा. रविवारच्या बाजाराची वाट बघू नका. तोवर त्याला पळू देऊ नका, सावलीत बांधा. रक्त पुन्हा आलं तर नाकाच्या दांडीवर गार पाण्याचा फडका धरा, नाकात कापूस कोंबू नका. आणि घरातली कुठलीही ताप-दुखीची गोळी त्याला देऊ नका. माणसांचं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, गोठ्यातलं मेलोक्सिकॅम, काहीच नाही. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट आधीच कमी असताना यांतल्या बहुतेक औषधांनी आतला रक्तस्राव वाढू शकतो.

जाण्याआधी एक गोष्ट स्वतः बघा. वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी आहे की पांढुरकी? तिच्यावर टाचणीनं टोचल्यासारखे लाल-जांभळे ठिपके आहेत का? मग त्याला पाठीवर लोळवून पोटाची, मांड्यांच्या आतली कातडी उजेडात बघा. तिथेही तसेच ठिपके किंवा निळसर डाग दिसले तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. लघवी लाल किंवा गडद चहाच्या रंगाची होते का, तेही सांगा. या दोन खुणांचा अर्थ वेगळा निघतो, त्याकडे येतेच.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे. तुमचे दीर खोटं बोलत नाहीत. बैल खरंच एका सुईत उभा राहिला असेल. पण बैलाला झालेला गोचीड ताप आणि वाघ्याला झालेला ताप यांत गोचीड सोडला तर फारसं काही सारखं नाही. जनावरांत तो बहुतेक थायलेरिया किंवा बबेसिया या परजीवींमुळे येतो. थायलेरियावर बुपारव्हाक्वोन देतात, बबेसियावर डिमिनाझीन. वाघ्याच्या किटवर आलेला एर्लिकिया हा मुळात परजीवी किडा नव्हेच, तो जिवाणू आहे. पांढऱ्या पेशींच्या आत शिरून राहतो. त्याच्यावर बुपारव्हाक्वोनचा उपयोग नाही, डिमिनाझीनचाही नाही. शिवाय डिमिनाझीनची कुत्र्यातली सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. बैलाच्या बाटलीतून अंदाजानं ओढलेली सुई कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम करू शकते. कुत्रा तोल जाऊन पडतो, झटके येतात, दगावतोही. म्हणून ती वाट बंद समजा. दिरांना दुखवायचं नसेल तर इतकंच सांगा की ते औषध या रोगाचं नाही.

एर्लिकियावर जगभर पहिलं औषध आजही डॉक्सीसायक्लिनच आहे. हा जिवाणू कुत्र्यात पहिल्यांदा ओळखला गेला 1935 मध्ये, अल्जीरियात. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराची धडधाकट जर्मन शेफर्ड कुत्री नाकातून रक्त वाहून मरू लागली, तेव्हा कुठे त्याचा अभ्यास जोरात सुरू झाला. मात्रा साधारण दर किलो वजनामागे दिवसाला 10 मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन वेळा विभागून. वीस किलोच्या वाघ्याला दिवसाला 200 मिलिग्रॅम. मुदत 28 दिवस.

हे 28 दिवस कशासाठी, हा तुमच्या घरातला खरा प्रश्न आहे. डॉक्सी लागू पडलं की कुत्रा दोन-तीन दिवसांत डोळे उघडतो, खातो, शेपूट हलवतो. प्लेटलेटही लवकर चढायला लागतात. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, काम झालं. पण त्या वेळी रक्तातला जोर तेवढा उतरलेला असतो. जिवाणू प्लीहेत, हाडांच्या मगजात दबा धरून असतात. मध्येच गोळ्या थांबल्या की कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. महिने जातात, कधी वर्षंही जातात, आणि मग तो एक दिवस पुन्हा पडतो. काही कुत्र्यांत तोवर मगजाचं रक्त तयार करण्याचं कामच बसलेलं असतं. तिथे मग गोळ्याही फारशा चालत नाहीत. वाघ्या त्या टप्प्यावर गेलाय असं मी म्हणत नाही. दीड महिन्याचं प्रकरण आहे, बरा होण्याची शक्यता चांगली आहे. पण हा निर्णय पुढे ढकलत राहण्यासारखा नाही, एवढं लक्षात घ्या.

तरीही, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या म्हणूनच हे झालं, असं धरून चालू नका. तुमच्या पत्रात तो अपराधीपणा ओळीओळीत आहे. वाघ्या परत पडण्याची आणखी दोन कारणं असू शकतात आणि ती तपासल्याशिवाय कळणार नाहीत.

एक म्हणजे सोबतीला बबेसिया असणं. कुत्र्यातला बबेसिया हा एकपेशीय परजीवी आहे, तो तांबड्या पेशी फोडतो. गोचीड एकाच वेळी दोन्ही रोग देऊ शकतात. आपल्याकडे हे दुर्मीळ नाही. कुत्र्यातला बबेसिया गिबसोनी हा प्रकार तर 1910 मध्ये मद्रासमधल्या कुत्र्यांतच पहिल्यांदा नोंदवला गेला. नुसतं डॉक्सी त्याला पुरत नाही. मघाशी लघवीचा रंग बघायला सांगितला तो यासाठीच. हिरडी फिकी आणि लघवी गडद असेल तर संशय बबेसियाकडे जातो, ठिपके आणि रक्तस्राव असेल तर एर्लिकियाकडे. पक्कं मात्र कधीच सांगता येत नाही, दोन्ही एकत्रही असतात.

दुसरं कारण अगदीच साधं आहे. गोचीड घरातच आहेत आणि त्यांनी नव्यानं रोग दिला. एकदा एर्लिकिया होऊन गेला म्हणून कुत्र्याला कायमचं संरक्षण मिळत नाही.

म्हणून डॉक्टर रक्त तपासा म्हणतात, त्यात त्यांचा काही स्वार्थ नाही. फक्त कोणती तपासणी, हे समजून घ्या. किट परत लावण्यात पैसे घालू नका. ते किट जिवाणू शोधत नाही, जिवाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं. रोग पूर्ण बरा झाल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षंही रक्तात राहतात. ‘किट परत पॉझिटिव्ह आलं, म्हणजे औषध लागू नाही’ हा निष्कर्ष मी पाळीव कुत्री असलेल्या घरांत सतत ऐकते आणि त्यापायी चालू औषधं सोडून दिलेली बघते. तुम्हाला हव्यात त्या दोन गोष्टी. पहिली, संपूर्ण रक्तगणना: हिमोग्लोबिन, पेशींचं प्रमाण, प्लेटलेट. दुसरी, काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली पाहणी. बबेसियासाठी हा थेंब कानाच्या कडेला टोचून घेतलेला असेल तर बरा, तिथे तो सापडण्याची शक्यता जास्त असते. एर्लिकिया पट्टीवर क्वचितच दिसतो, त्यामुळे ‘काही दिसलं नाही’ म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे. पीसीआर तपासणी, म्हणजे रक्तातला जिवाणूचा जनुकीय अंशच शोधणारी, सगळ्यांत खात्रीची. परवडली तर करा, नाही परवडली तर तिच्यावाचून अडत नाही.

तालुक्याला माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कुत्र्याचं रक्त दिलं जातं, तिथे जरा सांभाळा. ते यंत्र माणसाच्या पेशींच्या मापावर लावलेलं असतं आणि प्लेटलेटचे गठ्ठे झाले तर आकडा उगाच कमी येतो. आकडा घाबरवणारा आला तर पट्टीवर एकदा डोळ्यानं मोजायला सांगा. तुमच्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. मराठवाड्यातल्या बाकी वाचकांनीही ही दोन ठिकाणं ध्यानात ठेवावीत. अवघड कुत्रा तिथे न्यावा. गावातल्या दवाखान्यातले डॉक्टर मुख्यतः गाई-म्हशी बघतात आणि कुत्र्याच्या रक्ताच्या पट्टीची त्यांना रोज सवय असेलच असं नाही. त्यात त्यांचा कमीपणा नाही.

बबेसिया निघाला तर औषध त्याच्या प्रकारावर ठरतं. मोठ्या आकाराच्या बबेसियाला इमिडोकार्बची सुई, चौदा दिवसांच्या अंतरानं दोनदा. ती दुखते आणि लाळ, उलटी सुरू होऊ शकते, म्हणून आधी ॲट्रोपिन देतात. लहान आकाराच्या गिबसोनीला ही सुई पुरी पडत नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी दहा दिवस द्यायची असते. ॲटोव्हाक्वोन महाग आहे आणि चरबीच्या खाण्याबरोबरच अंगी लागतं. ते झेपत नसेल तेव्हा डॉक्टर क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सी अशी लांबलचक तिकडी लावतात. तिला वेळ लागतो. हे सगळं तुम्ही पाठ करावं म्हणून लिहीत नाही. डॉक्टरांनी महागडं नाव घेतलं तर ‘हे कोणत्या बबेसियासाठी?’ एवढं विचारता यावं म्हणून लिहिलं.

किडन्यांची भीती. ही बहुतेक घरांत असते आणि ती चुकीच्या जागी बसलेली असते. डॉक्सीसायक्लिन शरीराबाहेर जातं ते बरंचसं आतड्यातून, त्यामुळे किडनीवर त्याचा भार कमी पडतो. उलट एर्लिकिया अंगात मुरला तर तोच किडनीला इजा करतो. डॉक्सीचे खरे त्रास दोन. एक, मळमळ-उलटी, आणि त्याला उपाय म्हणजे रिकाम्या पोटी न देणं. दुसरा जास्त महत्त्वाचा: गोळी अन्ननलिकेत अडकून बसली तर तिथे जखम होते. म्हणून कोरडी गोळी घशात ढकलून मोकळं होऊ नका. लोण्याच्या नाहीतर तुपात मळलेल्या भाकरीच्या गोळ्यात घालून द्या आणि वरून पाणी पाजाच. तो पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडा.

इथे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. ‘गोळी दूध-भाकरीत कुस्करून देत होतो.’ आपल्या घराघरांत हेच करतात. पण दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि मग ते रक्तात कमी उतरतं. कॅल्शियमच्या, लोहाच्या टॉनिकांचंही तेच. गोळी आणि दूध, गोळी आणि टॉनिक यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. तुपाची अडचण नाही. अंडं, उकडलेली कोंबडी, साध्या वरणात भिजवलेली भाकरी चालेल. कालवणातली भाकरी नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि वाघ्याला आत्ता एकेक पेशी हवी आहे.

डब्यातल्या गोळ्यांचं म्हणाल, तर पाकिटावरची मुदत बघा. मुदत संपलेली, ओल लागलेली, रंग बदललेली टेट्रासायक्लिन गटातली गोळी (डॉक्सी याच गटातलं) मात्र किडनीला घातक ठरू शकते, ती टाकून द्या. चांगल्या असतील तर डॉक्टरांना दाखवून वापरा. पण मोजणी नव्यानं, पहिल्या दिवसापासून. तीन आठवड्यांच्या गोळ्यांत 28 दिवस बसत नाहीत, आणखी एका आठवड्याच्या आधीच आणून ठेवा. नाहीतर बावीसाव्या दिवशी दुकान बंद, मग परवा बघू, मग राहूनच गेलं, असं होतं.

खर्चाबद्दल सासऱ्यांचं म्हणणं मला समजतं. सोयाबीनला भाव नाही, त्यात कुत्र्याची बिलं. मी असं करीन: पैसे तीनच ठिकाणी घालीन. रक्तगणना आणि पट्टी, डॉक्सीचा पूर्ण कोर्स, गोचीड मारण्याचं औषध. डॉक्सी स्वस्त आहे, या तिघांत सगळ्यांत कमी पैसे त्यालाच लागतील. लिव्हर टॉनिक, प्लेटलेट वाढवण्याचं सिरप, खाणाऱ्या-पिणाऱ्या कुत्र्याला रोजचं सलाइन, यांवर काट मारीन. पपईच्या पानांचा रस अनेक जण पाजतात. प्लेटलेट चढतात त्या जिवाणू मेल्यामुळे, रसाला श्रेय देऊन गोळ्या थांबवू नका म्हणजे झालं. तपासणीचा खर्च अजिबातच झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लक्षणं बघून डॉक्सी सुरू करणं आणि तीन-चार दिवसांत फरक पडतो का पाहणं, ही पद्धतही मान्य आहे. फरक पडला नाही तर मात्र पुढची तपासणी टाळता येत नाही. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर रक्त चढवावं लागतं आणि तेव्हा खर्चाचा विचार वेगळा होतो. तिथे डॉक्टरांना विचारा, जगण्याची शक्यता किती, आणि घरात बसून ठरवा. तसा निर्णय कुणी घेतला तर मी त्याला निर्दय म्हणणार नाही. पण तीन-चार दिवसांत उठू शकणाऱ्या कुत्र्याला ‘नशिबावर’ सोडणं हा तसला निर्णय नाही.

आता गोचीड, कारण ते राहिले तर वरचं सगळं पाण्यात. दिरांना वाटतं ते गोठ्यातून आले. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड बहुतेक वेगळा असतो, त्याला कुत्राच आवडतो आणि तो तुमच्या घरात राहतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्याचं रक्त पिऊन खाली पडतं, भिंतीच्या भेगेत कात टाकतं, परत चढतं, परत पडतं. मादी हजारो अंडी घालते तीही भेगेतच. हा गोचीड वर चढतो, त्यामुळे माळवदाच्या घरात दगडमातीच्या भिंती, खणांच्या फटी, दाराची चौकट, बाजेची गाठ, पोत्यांच्या थप्पीची मागची बाजू, सगळीकडे बघावं लागतं. रक्त न पिता तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे वाघ्याच्या अंगावर तुम्हाला दिसतात ते थोडेच, बाकीचे भिंतीत.

वाघ्याच्या अंगासाठी आता फ्लुरालानर किंवा ॲफोक्सोलानरच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. पहिली साधारण बारा आठवडे, दुसरी महिनाभर पुरते. त्याला कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ते महाग वाटलं तर फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब आहेत. घरासाठी भेगा माती-शेणानं किंवा सिमेंटनं बुजवा, वाघ्याचं पोतं जाळून टाका, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं फवारणीचं औषध दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारा, कारण पहिल्या फवारणीत अंडी वाचतात. फवारणीच्या वेळी लेकरं, भांडी, वाघ्या, मांजर सगळे बाहेर.

कापसावर, सोयाबीनवर मारायचं औषध पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घालू नका. हे ठळक अक्षरांत वाचलं तरी चालेल. लाळ गळून, अंग थरथरून संध्याकाळपर्यंत गेलेली कुत्री मी पाहिली आहेत. रॉकेल नको, ट्रॅक्टरचं जळकं ऑईलही नको. सापडलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, नखांत चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका आणि हात धुवा. वाघ्याचा रोग त्याला हात लावून लेकरांना होत नाही, पण गोचीड माणसाला चावून दुसरे ताप येऊ शकतात. घरात कुणाला गोचीड चावल्यानंतर ताप, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना ‘गोचीड चावला होता’ हे आवर्जून सांगा.

दिरांना एक काम सोपवा. रोज संध्याकाळी गुरं बांधून झाली की वाघ्याचे कान, गळपट्ट्याखालची जागा, बोटांच्या बेचक्या त्यांनी बघाव्यात. जनावर हाताळायची सवय घरात त्यांनाच जास्त आहे, आणि या कामात त्यांची बैलावरची सगळी माहिती उपयोगाची आहे.

कोर्स संपल्यावर रक्तगणना पुन्हा करा, आणि त्यानंतर महिनाभरानं आणखी एकदा. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन जागेवर असेल तर वाघ्या बरा आहे, किट काहीही म्हणो. त्याला दुसऱ्या कुत्र्यासाठी रक्तदाता म्हणून मात्र पुढे कधी नेऊ नका. आणि परवा नाकातून आलेलं रक्त एका बाजूनं होतं की दोन्ही, हे पत्रात लिहायचं राहिलंय. डॉक्टर ते नक्की विचारतील, आठवून जा.